कोनशिलेआधी हजेरीपट
भातखंडे संस्कृती विश्वविद्यालयाच्या कुलगुरूंना खुले पत्र

अलीगंज, लखनौ
ज्येष्ठ, २०२६

माननीय कुलगुरू,


येत्या १६ सप्टेंबरला आपल्या संस्थेच्या उद्घाटनाला शंभर वर्षं पुरी होतील. १९२६ साली वर्ग जुलैतच भरू लागले होते. औपचारिक उद्घाटन सप्टेंबरात झालं आणि कॉलेजला नाव लागलं ते उद्घाटन करणाऱ्या गव्हर्नरांचं, सर विल्यम मॅरिस यांचं. ज्यांनी या कॉलेजासाठी दहा वर्षं जोडे झिजवले, त्या पंडित विष्णु नारायण भातखंड्यांचं नाव पाटीवर यायला १९६६ साल उजाडलं. तेव्हा मी आज जे मागणार आहे ते उशिरा मागते आहे असं वाटलं, तर संस्थेच्या परंपरेला धरूनच आहे असं समजावं.

पत्र मराठीत लिहिते आहे यात हट्ट काही नाही. आपली संस्था ज्या ग्रंथावर उभी आहे, ती चार भागांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीतच लिहिली गेली, गुरू आणि शिष्य यांच्या गप्पांच्या रूपात. हिंदीत ती मागाहून गेली. म्हणजे आपल्या ग्रंथालयात मराठी वाचणारं एखादं माणूस असायलाच हवं. नसलंच, तर अलीगंजहून कैसरबाग काही लांब नाही. मी येऊन वाचून दाखवीन.

आता मागणं. शताब्दीनिमित्त कोणतीही कोनशिला बसवण्याआधी संस्थेचे शंभर वर्षांचे हजेरीपट आणि पगारपत्रकं कपाटांतून बाहेर काढा. त्यांत ज्यांची नावं आहेत ती सगळी छापा. ज्यांनी पगारच घेतला नाही आणि म्हणून ज्यांची नावं पगारपत्रकात सापडणार नाहीत, तीही शोधून छापा. प्राचार्यांपासून तानपुऱ्यांवरची धूळ पुसणाऱ्या शिपायापर्यंत एकच यादी, पंगतीत उच्चनीच न करता. यादी छापून झाली की मग खुशाल दगड बसवा, नारळ फोडा.

शताब्दी कशी साजरी होते ते या शहराने पाहिलं आहे. गोमतीपलीकडच्या लखनौ विद्यापीठाची २०२० मध्ये झाली, तेव्हा शंभर रुपयांचं नाणं आणि टपाल तिकीट निघालं. चांगलंच झालं. नाणं आपल्यालाही मिळो. माझी तक्रार नाण्याबद्दल नाही, शालीबद्दल आहे. विद्यापीठाचा समारंभ म्हटला की शाल कुणाच्या खांद्यावर पडते हे आपण जाणताच: प्रमुख पाहुणे, त्यांच्यासोबत आलेले दुसरे पाहुणे, देणगीदार, कंत्राटदार. ‘स्वयंसेवकांचा सत्कार’ हा कार्यक्रमपत्रिकेतला शेवटून दुसरा विषय असतो आणि तो येईपर्यंत मंडप निम्मा रिकामा झालेला असतो. आपली संस्था मुळात बिनपगारी माणसांनी उभी केलेली आहे. तिथे तरी हा क्रम उलटा असावा.

भातखंडे वाळकेश्वरचे. जन्म १८६० चा, शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात, पेशा वकिलीचा. पत्नी गेली, मग मुलगी गेली, आणि १९१० च्या सुमारास त्यांनी वकिलीलाही रामराम ठोकला. त्याआधीच त्यांचे दौरे झाले होते: १९०४ मध्ये दक्षिण, १९०७ मध्ये पूर्व, १९०८ मध्ये उत्तर. कुठे ग्रंथ बघायचे, कुठे गवई ऐकायचे, कुठे वाद घालायचे. संगीताच्या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत हा नेम. पुस्तकांवर नाव घालायचं तेही टोपणनाव, कधी चतुर पंडित, कधी विष्णुशर्मा. श्रेय नको म्हणणाऱ्या माणसाचं नाव आज विद्यापीठाला आहे आणि ज्यांना श्रेय मिळालं असतं तर हवं होतं, अशा कितीतरी माणसांचं नाव कुठेच नाही.

१९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. मग दिल्ली झाली, बनारस झालं. राष्ट्रीय संगीत अकादमी दिल्लीत व्हावी ही भातखंड्यांची इच्छा होती. ती काही झाली नाही. झालं ते लखनौला, १९२४ आणि १९२५ च्या दोन परिषदांनंतर, आणि ते झालं ते इथल्या माणसांमुळे. दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली पायाला भिंगरी लावल्यासारखे फिरले. त्यांच्या नात्यातले राय राजेश्वर बली तेव्हा प्रांताचे शिक्षणमंत्री होते, त्याचाही उपयोग झाला. अकबरपूरचे राजा नवाब अली यांनी तर भातखंड्यांची पद्धत ‘मआरिफुन्नग्मात’ या ग्रंथातून उर्दूत नेली. यांतलं कुणी कॉलेजच्या नोकरीत नव्हतं.

इथे आम्हा मराठी माणसांना दोन शब्द सुनावणं भाग आहे. लखनौच्या मराठी घरांत पाहुणा आला की त्याला कैसरबाग दाखवायला नेतात आणि सांगतात, बघा, या नवाबांच्या शहराला संगीताचं शास्त्र शिकवलं ते आपल्या भातखंड्यांनी. सांगणाऱ्याची छाती फुगते. शास्त्राचं एक वेळ खरं. पण त्या शास्त्राखालची चीज कुणाची? जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवालांची आणि त्यांच्या आशिक अली, अहमद अली या मुलांची. रामपूरच्या वझीर खाँची, नवाब हामिद अली खाँची, साहेबजादे छम्मनसाहेबांची. ग्वाल्हेरच्या एकनाथ पंडितांची. पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेल्या, लेकीच्या लग्नातही कुणाला न दिलेल्या चिजा या मंडळींनी एका वकिलासमोर गायल्या आणि त्याने त्या लिहून घेतल्या. लिहून घेणाऱ्याने त्यांच्याबद्दल नेहमी गोडच लिहिलं असंही नाही. भातखंड्यांच्या रोजनिश्यांमधले उस्तादांविषयीचे शेरे आज वाचताना अवघड वाटतं. कामाने माणूस मोठा होता, पण जिभेने तिखट होता, आणि निरक्षर उस्तादाला शास्त्र कळत नाही हे मत त्याने फारसं लपवलं नाही.

आता आपल्या ग्रंथालयातली ‘क्रमिक पुस्तक मालिका’ काढा. सहा भाग. कुठलंही पान उघडलं तर राग लिहिलेला, ताल लिहिलेला, अस्थायी आणि अंतरा स्वरलिपीत मात्रांसकट मांडलेला. ही चीज कुणाच्या गळ्यातून आली हे बहुतेक पानांवर लिहिलेलं नाही. देशभरातल्या संगीत विद्यालयांतली मुलं शंभर वर्षं ही पुस्तकं घेऊन यमनातला त्रिताल घोकत आली आहेत. यमन त्यांचा पाठ होतो, देणारा पाठ होत नाही.

गवयांची रीत याच्या नेमकी उलट. गुरूचं किंवा घराण्यातल्या थोराचं नाव तोंडात आलं की हात आपोआप कानाच्या पाळीला जातो. भर मैफलीत, तान अर्धवट सोडूनसुद्धा. संस्थेला कान नसतात. तिला यादी छापावी लागते.

मी या संस्थेची विद्यार्थिनी नाही. यजमानांची बदली अलीगंजच्या केंद्रीय भवनात झाली म्हणून आम्ही या शहरात आलो आणि राहिलो. मुलगी लहान असताना तिला कथक शिकायला कैसरबागेत आणत असे आणि वर्ग सुटेपर्यंत ओसरीवर बसून राही. वाजिद अली शाहांच्या परीखान्यात बसलेल्या बाईला करण्यासारखं एकच काम असतं, ऐकायचं. एका दारातून तत्कार, दुसऱ्यातून तबल्याचा कायदा, तिसऱ्यातून कुणा नवशिक्याचा भूप, आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत सतारीची मींड. तिथे एक चाचा असत. हुद्दा शिपायाचा. दुपारी वर्गांची कुलपं काढायची, चपला ओळीत लावायला मुलांना दटावायचं आणि तानपुरे पुसायचे एवढं त्यांचं काम. पण भोपळा पुसता पुसता ते घोडीवरचा जवारीचा दोरा दोन बोटांनी किंचित सरकवत, तार छेडून बघत, पुन्हा सरकवत. शिकवणारे बाई-बुवा आत आले की तानपुरा बोलत असलेला सापडे. कोणत्या तानपुऱ्याच्या भोपळ्याला पावसाळ्यात चीर पडते, कोणाची खुंटी घसरते हे त्यांना तोंडपाठ होतं. मी एकदा विचारलं, “चाचा, हे कुणी शिकवलं?” ते म्हणाले, “बीबी, यहाँ दीवारें सिखाती हैं.” त्यांचं पूर्ण नाव मला ठाऊक नाही. आपल्या हजेरीपटात ते असणार.

म्हणूनच मी हजेरीपटांवर अडून बसले आहे. मोठी नावं कुठे ना कुठे लिहिलेली आहेतच. पहिले प्राचार्य माधवराव जोशी, मग १९२८ पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, ज्यांनी जवळजवळ तीन दशकं पैशाच्या चणचणीत कॉलेज ओढलं. पुढे गोविंद नारायण नातू. आबिद हुसेन खाँ तबल्याला, सखावत हुसेन खाँ सरोदला. बेगम अख्तर इथे शिकवून गेल्या. विद्यार्थ्यांची यादी सांगायला लागलं तर पान पुरायचं नाही: तलत महमूद, संगीतकार रोशन, पहाडी सन्याल, चिन्मय लाहिरी, दिनकर कायकिणी, एस. सी. आर. भट, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग, थेट श्रीलंकेतून आलेले अमरदेव. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा कृष्ण गिंडे नावाचा मुलगा १९३६ मध्ये अकराव्या वर्षी इथे आला आणि रातंजनकरांच्या घरचाच होऊन राहिला. त्या घरात अशी मुलं वाढली. त्यांना दोन वेळचं जेवायला कोण वाढत होतं, आजारी पडली तर कोण बघत होतं? ती नावं मला संगीताच्या कुठल्याही इतिहासात दिसत नाहीत. बाईमाणसाने केलेलं काम स्वयंसेवेतसुद्धा मोजायची आपल्याकडे पद्धत नाही. यादी करताना तेवढं ध्यानात ठेवावं.

सध्या अलीगंजमध्ये बडे मंगलची धामधूम आहे. ज्येष्ठातला प्रत्येक मंगळवार इथे सणाचा, आणि यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने असे आठ मंगळवार मिळाले. आमच्या जुन्या हनुमान मंदिराच्या कळसावर चंद्रकोर आहे. एका नवाबी बेगमेने मंदिर बांधवलं असं सगळं शहर सांगतं आणि ते ऐकून इथे कुणालाही नवल वाटत नाही. मंगळवारी कपूरथला चौकापासून पुढे हातभर जागा मोकळी नसते. मंडपामागून मंडप, पुरी आणि बटाट्याची भाजी, बुंदी, बर्फ घातलेलं सरबत. पहाटे चारला उठून कणीक मळणारी माणसं कोण आहेत हे कुणी विचारत नाही आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. बॅनरवर हात जोडलेला फोटो मात्र तिसऱ्याच कुणाचा तरी असतो. भंडाऱ्यात हे चालून जातं, कारण तो संध्याकाळी संपतो आणि पुढच्या मंगळवारी नव्याने मांडतात. विद्यापीठाला दर मंगळवारी नव्याने सुरुवात करता येत नाही. कालचं कुणी केलं हे ठाऊक नसेल तर तिथे आजचं काय करायचं हेही कळत नाही.

हजेरीपट बाहेर काढा म्हटलं की कार्यालयातून काय उत्तर येईल तेही मला माहीत आहे. जुनी कागदपत्रं जीर्ण आहेत, हात लावला की तुकडे पडतात. खरंच पडतात. विसाव्या शतकातला लाकडी लगद्याचा कागद स्वतःच्या आम्लाने स्वतःला खातो. तो आधी पिवळा, मग तपकिरी, मग पापडासारखा होतो. त्यात लखनौचा पावसाळा, कसर, वाळवी आणि फौंटनपेनची पाण्याला न टिकणारी शाई. पण या दुखण्याचा दवाखाना माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अलीगंजच्या सेक्टर ई मध्ये केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा १९७६ पासून काम करते. देशभरातल्या संग्रहालयांच्या वस्तूंवर, हस्तलिखितांवर, चित्रांवर काय उपचार करावेत हे शोधणं आणि शिकवणं हेच तिचं काम. कागदातलं आम्ल मारायचं, फाटक्या पानाला मागून पातळ जपानी कागदाचं अस्तर खळीने लावायचं, शाई विरघळते का हे आधी कोपऱ्यात तपासायचं, ही कामं त्यांच्या हाताखालची. आपलं कैसरबाग आणि त्यांचं अलीगंज एकाच शहरात आहे. दोन्ही संस्था संस्कृतीच्या नावाच्या. दोघांमध्ये एक पत्र आणि एक टेम्पो एवढंच अंतर आहे. एक विनंती मात्र आहे. घाईने कुणा झेरॉक्सवाल्याकडून कागदांना प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करून घेऊ नका आणि फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नका. त्याने पान आठवडाभर छान दिसतं आणि नंतर कोणत्याच उपचाराला दाद देत नाही.

बांधकामाबद्दल.

शताब्दी म्हणजे इमारत, हे समीकरण आपल्या देशात पक्कं झालं आहे. मला इमारतींचं वावडं नाही. पण संगीताच्या संस्थांची इमारतींशी फारशी चांगली सोयरीक नाही. भातखंड्यांचे समकालीन, पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर, यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे मुंबईत सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची वास्तू कर्ज काढून उभारली. कर्ज फिटेना. १९२४ च्या सुमारास सावकारांनी इमारत लिलावात काढली. पलुस्कर संन्याशासारखे नाशिकला गेले. १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, आणि त्या मंडळाच्या परीक्षा आज देशाच्या कानाकोपऱ्यात होतात. त्या शिष्यांकडे वीट नव्हती, एकमेकांची नावं आणि पत्ते होते. मॅरिस कॉलेजने स्वतःची वास्तू बांधलीच नाही. तोपवाली कोठीत वर्ग सुरू झाले, मग परीखान्यात आले. नवाबाच्या नाचगाण्याची जागा, त्यात मुंबईच्या वकिलाने आखलेला अभ्यासक्रम आणि उस्तादांच्या चिजा. वास्तुविशारद नेमून असं काही जमलं नसतं.

तरीही नवं काही बांधायचं झालं, तर ओसरीवर कित्येक संध्याकाळी काढलेल्या बाईचं ऐका. तबल्याच्या आणि गाण्याच्या खोल्यांमध्ये भिंती जाड घ्या, नाहीतर भूप शिकणाऱ्या पोराला जन्मभर झपतालाचे ठोके ऐकू येत राहतील. कथकच्या खोलीत दगडी फरशी घालू नका, खाली हवा खेळेल अशी लाकडी जमीन घाला. सोळाव्या वर्षी ज्यांच्या गुडघ्यांनी दगडावरचा तत्कार सोसला त्यांना चाळिशीत जिना चढता येत नाही. वाद्यांच्या कोठीला ऊन लागणार नाही आणि ओलही येणार नाही असं बघा. आणि खोल्यांना नावं देताना देणगीदार आणि मंत्री यांच्या जोडीला जे तिथे खरोखर शिकवून गेले त्यांची द्या: आबिद हुसेन खाँ तबला कक्ष, माधवराव जोशी कक्ष. वाद्यांच्या कोठीला चाचांचं द्या, हजेरीपटात सापडलं तर.

नुसतं नाव दिलं म्हणजे झालं असंही नाही. आपल्या शेजारीच राय उमानाथ बली प्रेक्षागृह आहे. या शहरातली निम्मी नाटकं तिथेच होतात असं आपल्याला वाटावं इतकं ते गजबजलेलं असतं. नाटक सुटल्यावर बाहेर पडणाऱ्यांना विचारून बघा, उमानाथ बली कोण होते? लोक म्हणतील, कुणी नट असतील. तीन ओळींचा फलक लावायचा होता, तो राहून गेला.

राहता राहिला विषय कर्मचाऱ्यांच्या येण्या-जाण्याचा, आणि तो खरं तर सगळ्यात जिव्हारी लागणारा आहे. संगीताचा अध्यापक निवृत्त होतो किंवा सोडून जातो तेव्हा इतिहासाच्या अध्यापकासारखं होत नाही. इतिहासाचा अध्यापक गेला तरी त्याची पुस्तकं कपाटात असतात. गायकाबरोबर त्याच्या अडीचशे चिजा निघून जातात. रातंजनकर इथून निवृत्त झाले आणि नव्याने निघालेल्या खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात कुलगुरू म्हणून गेले. गिंडे, भट मुंबईला गेले आणि तिथे त्यांनी पुढची पिढी घडवली. मुंबईला लाभ झाला. लखनौच्या दप्तरात काय उरलं असेल? ‘सेवामुक्त’ असा एक शेरा आणि तारीख.

पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आजीव सदस्यांची रीत होती. दरमहा ७५ रुपये आणि वीस वर्षं सेवेचं वचन. आगरकर, गोखले त्याच रीतीने राबले. ती रीत आज कुणी आणणार नाही आणि आणूही नये. पोटाला चिमटा काढून शिकवणाऱ्याचे गोडवे गायचे आणि त्याच्याच नातवाला तासावर नेमायचं, हा ढोंगीपणा आपण पुष्कळ केला. आज देशभरातल्या विद्यापीठांत तासावरचे, मानधनावरचे, अकरा महिन्यांचे अध्यापक आहेत. त्यांचं नाव ना माहितीपुस्तकात येतं ना स्मरणिकेत. मंजूर जागा भरणं शासनाच्या हातात असेल, पण यादी छापणं आपल्या हातात आहे. तासावर शिकवून गेलेल्या माणसाचं नाव त्या यादीत असलंच पाहिजे, मग त्याने एकच सत्र का शिकवलं असेना.

आणि याच्या जोडीला एक नियम करा. या संस्थेतून जो कुणी अध्यापक जाईल, निवृत्तीने, बदलीने, राजीनाम्याने किंवा करार संपल्याने, त्याच्याकडून जाण्याआधी त्याला हव्या तेवढ्या चिजा ध्वनिमुद्रित करून घ्या. योग्य मोबदला देऊन. प्रत्येक चिजेआधी त्याने सांगावं, ही मला अमक्याकडून मिळाली, त्यांना तमक्याकडून. फोनोग्राफच्या काळात भातखंड्यांनी कोठीवालांच्या चिजा भरून घेतल्या होत्या. आज आपल्या शिपायाच्या खिशातला फोनसुद्धा त्याहून चांगलं ध्वनिमुद्रण करतो. क्रमिक पुस्तकांच्या पानांवर जी ओळ राहून गेली ती शंभर वर्षांनी का होईना लिहिली जाईल.

गेल्या शंभर वर्षांत या संस्थेची पाटी चारदा रंगवली गेली. मॅरिस कॉलेज झालं, १९६६ मध्ये सरकारच्या ताब्यात जाऊन भातखंड्यांचं महाविद्यालय झालं, २००० मध्ये अभिमत विद्यापीठ, आणि २०२२ च्या कायद्याने राज्याचं संस्कृती विश्वविद्यालय. कुलगुरूंच्या खुर्चीत दशकभर श्रुती सडोलीकर-काटकर होत्या, तेव्हाही लखनौच्या मराठी घरांत छाती फुगली होतीच. पाटी बदलली की अधिकार वाढतात, अनुदान वाढतं, पदनामं बदलतात. त्याला माझी ना नाही. पण प्रत्येक पाटीबरोबर जुनं दप्तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं आणि दर वेळी दोन गठ्ठे कमी होतात, हे कुठल्याही सरकारी कचेरीत नोकरी केलेला माणूस आपल्याला सांगेल. म्हणून घाई.

सगळी शंभर वर्षं सप्टेंबरपर्यंत होणार नाहीत हे मलाही कळतं. पहिली दहा वर्षं तरी करा. १९२६ च्या जुलैपासून १९ सप्टेंबर १९३६ पर्यंत, म्हणजे भातखंडे गेले त्या दिवसापर्यंत. शेवटची तीन वर्षं ते पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. इकडे कॉलेज सुरू होतं, आणि ते सुरू ठेवणारी माणसं कोण होती हे त्याच दहा वर्षांच्या पटांत आहे.

भातखंडे गेले तो दिवस गणेशचतुर्थीचा होता. यंदाची चतुर्थी १४ सप्टेंबरला येते आहे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, तेव्हा १६ तारखेला सकाळपासून मी मोकळी आहे, आणि माझ्या ओळखीतली आणखी काही मराठी मंडळीही. गठ्ठे उचलायला, धूळ झाडायला, मराठी मजकूर लावायला माणसं लागली तर निरोप पाठवावा. त्याआधी बोलावलंत तर त्याआधी येऊ. मानधन नको, चहा पुरे. यादी छापाल तेव्हा मात्र आमचीही नावं घाला, शेवटी आणि बारीक टायपात घातली तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
अलीगंजमधली एक मराठी श्रोती